पंचवीस चिठ्ठ्यांचा गठ्ठा

मुदखेडहून आम्ही बोलतोय.

संक्रांतीनंतर आमच्या बचत गटांच्या संघाची निवड झाली. अध्यक्षपदाला दोघी उभ्या होत्या, एक फुलांच्या मळ्यातली, एक शिवणकामाची. दोघीही आपल्याच. वहीची पानं फाडून सारख्या चिठ्ठ्या केल्या, घडी घालून स्टीलच्या डब्यात टाकल्या आणि समाजमंदिरात सतरंजीवर बसून मोजल्या. मत दिलेल्या बाया ६३. चिठ्ठ्या भरल्या ६२. एकीला ३२, दुसरीला ३०. आता एक चिठ्ठी गेली कुठं? डबा उलटा केला, सतरंजी झटकली, एकमेकींच्या पदराकडंही बघून झालं. पुन्हा मोजल्या तेव्हा कळलं. तिळगुळाच्या चिकट हातांनी घडी घातलेल्या दोन चिठ्ठ्या एकमेकींना चिकटून एक झाल्या होत्या. ३२ आणि ३१. निकाल तोच राहिला, पण हरलेली म्हणाली, तिसऱ्यांदा मोजा. मोजल्या. या वेळी तिनं स्वतःच्या हातानं एकेक उलगडली आणि सगळ्यांना दाखवली. मोजून झाल्यावर तीच म्हणाली, "झालं बाई, आता चहा ठेवा."

त्या दिवशी चहा पिताना विषय निघाला तो मोठ्या निवडणुकीचा. तिथं कोण मोजतं, कसं मोजतं, आणि हरलेल्यानं "पुन्हा मोजा" म्हटलं तर काय होतं? आमच्यात एक निवृत्त शिक्षिका आहेत, आम्ही त्यांना बाईच म्हणतो. नव्वदीच्या दशकात त्यांना मोजणीची ड्यूटी लागली होती. त्यांचं ऐकलं, मग वाचलं, विचारलं. ते आज तुमच्यापुढं ठेवतो.

सुरुवात आपल्याच नांदेडपासून करू. २० नोव्हेंबर २०२४ ला नांदेड लोकसभा मतदारसंघात आपण एकाच दिवशी दोन बटणं दाबली. खासदार वसंतराव चव्हाण ऑगस्टमध्ये वारले, म्हणून लोकसभेची पोटनिवडणूक लागली, आणि तिच्याच बरोबर विधानसभा. २३ तारखेला मोजणी झाली. लोकसभेला काँग्रेसच्या रवींद्र चव्हाणांना ५,८६,७८८ मतं पडली, भाजपच्या संतुकराव हंबर्डेंना ५,८५,३३१. अंतर १,४५७ मतांचं. या मतदारसंघात मतदान केंद्रं दोन हजारांवर आहेत, म्हणजे केंद्रामागं एक मतसुद्धा फरक नाही. आणि याच लोकसभेत येणाऱ्या सहाही विधानसभा, आपलं भोकर धरून, महायुतीकडं गेल्या.

मतदार तेच, केंद्र तेच, दिवसही तोच. मग पारावर, रेल्वे स्टेशनच्या बाहेर चहाच्या टपरीवर चर्चा सुरू. काहींना लोकसभेचा निकाल पटेना, काहींना विधानसभेचा. गंमत अशी की ज्याला जो निकाल सोयीचा, त्याला तेच मशीन खरं वाटत होतं. आम्हाला विचाराल तर माणसं दोन मतं दोन विचारांनी देतात. आमच्याच घरांत तसं झालेलं आहे, नवऱ्यांना न सांगता. पण हे झालं आमचं मत. शंका घेणाऱ्याला दाखवायला हातात काय आहे, हा प्रश्न वेगळा.

त्यासाठी थोडं मागं जावं लागेल. आपला मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. सगळ्या प्रौढ बाया-माणसांना मत, ही गोष्ट इथं पहिल्यांदा आली ती देशाच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत, १९५१-५२ ला. तेव्हा आपण हैदराबाद राज्यात होतो. मतदाराचं वय २१ पूर्ण लागायचं.

त्या निवडणुकीत बायांची एक वेगळीच मोजणी झाली. मतदार यादी करायला माणसं दारोदार गेली, तर कित्येक बायांनी आपलं नावच सांगितलं नाही. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढंच. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी सांगितलं, नाव नसेल तर यादीत नाही. देशभरात सुमारे २८ लाख बायांची नावं अशी गळाली, बहुतेक उत्तरेकडच्या राज्यांत. हे कठोर वाटतं खरं. पण पुढच्या निवडणुकीत बाया आपल्या नावानिशी आल्या. आजही मतदान केंद्रावर नाव मोठ्यानं पुकारतात ना, तेव्हा आमच्यातल्या म्हाताऱ्या बायांना अजून लाजल्यासारखं होतं.

तेव्हाची मतपत्रिका म्हणजे नुसता कागद. त्यावर उमेदवाराचं नाव नाही, चिन्ह नाही, शिक्का मारायचा नाही. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी आणि पेटीवर त्याचं चिन्ह. आडोशाला जायचं आणि आपल्या चिन्हाच्या पेटीत कागद टाकून यायचं. या लोखंडी पेट्या काही लाखांत लागल्या. मुंबईत विक्रोळीला गोदरेजच्या कारखान्यातच १२ लाखांच्या वर बनल्या. आमच्यातल्या एकीची आजी सांगायची, बैलजोडीच्या पेटीला तिनं आधी नमस्कार केला आणि मग कागद टाकला. तसं करणारी ती एकटी नव्हती. पेट्या उघडल्यावर कुठं कुठं नाणी आणि देवाला लिहावेत तसे अर्जही निघाले.

मोजायला ही पद्धत सोपी. पेटी उघडा, कागद मोजा. पण घोटाळाही सोपा. कागदावर काहीच खूण नाही, म्हणजे कुणी तो पेटीत न टाकता पदराखाली बाहेर आणला आणि विकला, तर कळणार कसं? आणि या पेटीतला कागद त्या पेटीत गेला, तर कोणता कुणाचा हे देवही सांगू शकणार नाही. म्हणून १९६२ पासून एकच पेटी आणि एकच मतपत्रिका आली. तिच्यावर सगळ्यांची नावं-चिन्हं, आणि फुलीचा शिक्का.

हा शिक्का साधा नव्हता, हे आम्हाला बाईंनी सांगितलं. चार टोकांना बाण वळलेली ती फुली. कागद घडी घातला की ओली शाई समोरच्या बाजूला उमटते. मग मोजताना वाद व्हायचा की दोन शिक्के आहेत, मत बाद करा. पण घडीनं उमटलेल्या फुलीचे बाण उलट्या दिशेला वळतात, आरशात दिसावेत तसे. खरा शिक्का कोणता आणि डाग कोणता, हे डोळ्यांनी ओळखता येतं. बाई म्हणाल्या, "ज्यानं ही फुली काढली त्याच्या घरात कुणीतरी रांगोळी काढत असणार." कुणी काढली ते आम्हाला सापडलं नाही, पण बाईंचं म्हणणं आम्हाला आवडलं.

बाई ज्या मोजणीला होत्या तिचं त्यांनी केलेलं वर्णन ऐका. टेबलाच्या एका बाजूला मोजणारे, दुसऱ्या बाजूला जाळीपलीकडं उमेदवारांचे प्रतिनिधी. आधी प्रत्येक पेटीतले कागद नुसते मोजायचे आणि केंद्राध्यक्षानं लिहून दिलेल्या आकड्याशी ताडायचे. मग ५०-५० चे गठ्ठे करून मोठ्या पिंपात टाकायचे आणि सगळ्या गावांचे गठ्ठे एकमेकांत मिसळायचे. त्यानंतर पिंपातून टेबलांवर, आणि उमेदवारवार वाटणी. प्रत्येक कागद उघडून प्रतिनिधींना दिसेल असा धरायचा. संशयाचा असेल तर बाजूला ठेवायचा, त्याचा निकाल निवडणूक अधिकारी देणार. दोघांवर शिक्का, कोऱ्या जागेवर शिक्का, शिक्क्याऐवजी अंगठा, कुणी सही केलेली, कुणी "विजयी भव" लिहिलेलं, सगळं बाद. मागं केंद्राध्यक्षाची सही नसली तरी बाद, पण ती चूक केंद्राध्यक्षाचीच आहे असं अधिकाऱ्याला पटलं तर ते मत धरायचं. रात्रभर हे चालायचं. पहाटे तीनला बाईंच्या टेबलावर ५० चा गठ्ठा ४९ चा निघाला आणि प्रतिनिधींनी सगळा राऊंड पुन्हा मोजायला लावला. "तेव्हा राग आला होता," बाई म्हणतात. "हात दुखत होते आणि घरी लेकरू तापलेलं होतं. पण ते बरोबर होते."

म्हणजे हातानं मोजताना चुका होतात, भरपूर होतात. माणूस पेंगतो, कागद चिकटतो, बेरीज चुकते. आमच्या ६३ चिठ्ठ्यांत झाली तर लाखांत होणारच. फुलांच्या जुड्या बांधणाऱ्या आमच्या मैत्रिणींना हे सांगायला नको. पण त्या टेबलाभोवती एकमेकांवर अजिबात विश्वास नसलेली माणसं एकाच कागदाकडं बघत असतात, त्यामुळं चूक लपून राहणं अवघड जातं. आणि कागद नंतरही राहतो.

कागद राहतो म्हणजे काय, ते चंदीगडमध्ये दिसलं. ३० जानेवारी २०२४ ला तिथं महापौराची निवडणूक झाली. मतं अवघी ३६, सगळी कागदावर. एका बाजूला १६, दुसऱ्या बाजूला २०. पीठासीन अधिकाऱ्यानं २० मधली आठ बाद ठरवली आणि १६ वाला जिंकला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. न्यायाधीशांनी त्या आठ मतपत्रिका मागवून स्वतः बघितल्या. खाडाखोड अधिकाऱ्यानंच केलेली होती, कॅमेऱ्यातही तो दिसत होता. २० फेब्रुवारीला न्यायालयानं आठही मतं धरली आणि निकाल फिरवला. फसवणूक कागदावर झाली आणि पकडलीही कागदावरच. म्हणून कागद आला की सगळं शुद्ध होतं, असं आम्ही म्हणणार नाही. कागदाच्या काळात केंद्रं ताब्यात घेऊन धडाधड शिक्के मारलेलेही या देशानं बघितलेत. मशीन आलं त्याचं एक कारण तेच. मिनिटाला चार-पाचपेक्षा जास्त मतं ते घेतच नाही.

मशीन पहिल्यांदा वापरलं केरळात परूर मतदारसंघात, १९८२ ला, ५० केंद्रांवर. हरलेला उमेदवार न्यायालयात गेला. १९८४ ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, कायद्यात मशीन नाही. त्या ५० केंद्रांवर कागदानं पुन्हा मतदान झालं आणि आधी हरलेला जिंकला. मग कायदा बदलला. २००४ च्या लोकसभेपासून देशभर सगळीकडं मशीन आलं. आपण तेव्हा भोकरमध्ये नव्हतो. मुदखेड हाच विधानसभा मतदारसंघ होता.

मशीन आलं आणि बाईंचं ते पिंप गेलं. पिंप गेल्यामुळं काय बदललं याकडं फारसं कुणाचं लक्ष गेलेलं नाही. पूर्वी गठ्ठे मिसळायचे, त्यामुळं कोणत्या गावानं कुणाला किती मतं दिली हे कळत नसे. ते मुद्दामच होतं, निवडून आलेल्यानं गावावर राग काढू नये म्हणून. आता मशीन केंद्रानुसार मोजतं. निकालाच्या दिवशीच आपल्या केंद्राचा आकडा गावात पोचतो. यात भीती आहे. "तुमच्या वस्तीनं मत दिलं नाही, आता नळ मागू नका," हे वाक्य आमच्यातल्या काहींनी कानांनी ऐकलेलं आहे. पण गावाला स्वतःचा आकडा कळला की गाव त्याबद्दल प्रश्नही विचारू शकतं.

मारकडवाडीनं तेच केलं. सोलापूर जिल्ह्यात माळशिरस तालुक्यातलं हे गाव. २०२४ च्या विधानसभेत माळशिरसमधून राष्ट्रवादी शरद पवार गटाचे उत्तम जानकर जिंकले. पण मारकडवाडीच्या आकड्यात भाजपचे राम सातपुते पुढं होते, १,००३ विरुद्ध ८४३. गावातले लोक म्हणाले, असं होऊच शकत नाही, आमचं गाव जानकरांकडं असतं. त्यांनी ठरवलं की ३ डिसेंबरला गावानं स्वतः कागदावर पुन्हा मतदान घ्यायचं आणि मोजून बघायचं. मतपत्रिका छापल्या, मंडप घातला. प्रशासनानं जमावबंदी लावली, पोलीस आले. कायद्यात असं मतदान नाही, घेतलं तर गुन्हे दाखल करू, असं सांगितलं. गावानं मतदान थांबवलं. तरी गुन्हे दाखल झालेच. मग आठवडाभर मोठमोठे नेते त्या गावात येऊन गेले.

आमच्यात यावरून बराच वाद झाला. एकीचं म्हणणं, गावानं शाळेतल्या निवडणुकीसारखं मतदान घेतलं तर कुणाचं काय बिघडतं? ते आम्हालाही पटतं, पोलीस आणायची गरज नव्हती. पण दुसरी म्हणाली, समजा घेतलं असतं, तर कळलं काय असतं? पंधरा दिवसांनंतर, सगळा गाव तापलेला असताना, कोण कुणाला मत देतोय यावर सगळ्यांचा डोळा. ज्यानं २० नोव्हेंबरला गुपचूप सातपुतेंना मत दिलं असेल तो आता तसं देईल का? सुनेनं सासऱ्याच्या विरुद्ध दिलेलं मत ती मंडपात पुन्हा देईल का? ते नवं मतदान झालं असतं, जुन्याची मोजणी नव्हे. हे दोन्ही एकच धरले गेले, तिथं त्या गावाची गाडी चुकली, असं आम्हाला वाटतं.

कारण जुन्या मताचा कागद होता. अगदी होता. बटण दाबल्यावर शेजारच्या पेटीच्या काचेतून सात सेकंद जी चिठ्ठी दिसते, तिच्यावर अनुक्रमांक, नाव आणि चिन्ह असतं. मग ती तुटून आत पडते. हीच व्हीव्हीपॅट. २०१३ ला नागालँडच्या नोकसेनमध्ये ती पहिल्यांदा वापरली. मारकडवाडीच्या प्रत्येक मताची चिठ्ठी त्या पेटीत पडून होती. गावाचा प्रश्न एवढाच होता की ती मोजा.

मग का नाही मोजली? इथं नियम नीट समजून घ्या. निकालाचे आकडे वाचून दाखवले की, अंतिम निकालपत्रावर सही होण्याआधी, चिठ्ठ्या मोजण्याचा लेखी अर्ज करता येतो. कारण लिहायचं. अधिकारी मान्य करेल किंवा कारण देऊन फेटाळेल. चिठ्ठ्यांचा आकडा आणि मशीनचा आकडा वेगळा आला तर चिठ्ठ्यांचा धरायचा, हेही नियमात आहे. पण अर्ज करू शकतो फक्त उमेदवार किंवा त्याचा प्रतिनिधी. माळशिरसला जानकर जिंकले होते, ते कशाला अर्ज करतील? सातपुते हरले होते, पण मारकडवाडीत ते पुढं होते, त्यांना त्या गावाची तक्रार कशी असेल? ज्यांना अर्ज करता येत होता त्यांना गरज नव्हती आणि ज्यांना गरज होती त्या गावाला अर्जाचा हक्क नव्हता. मतदाराला दार एकच उघडं राहतं, ४५ दिवसांच्या आत उच्च न्यायालयात निवडणूक याचिका. मुदखेडहून म्हणजे औरंगाबाद खंडपीठ, वकील, तारखा, आणि तिथंही नुसत्या शंकेवर पेट्या उघडत नाहीत.

न मागताही थोड्या चिठ्ठ्या मोजल्या जातात. २०१९ ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितल्यापासून प्रत्येक विधानसभा क्षेत्रातली पाच केंद्रं सोडत काढून निवडतात. मोजणी हॉलमध्ये बँकेच्या कॅशियरसारखा जाळीचा कप्पा करतात. तिथं पेटीतल्या चिठ्ठ्या काढून उमेदवारवार खणांत घालतात, २५-२५ चे गठ्ठे बांधतात आणि हातानं मोजतात. बाईंचं काम संपलं नाही, फक्त लहान झालं. २०२४ ला महाराष्ट्रात २८८ गुणिले पाच अशी १,४४० केंद्रं मोजली आणि सगळी जुळली, असं निवडणूक यंत्रणेनं जाहीर केलं. २०१९ च्या लोकसभेला देशात आंध्रातल्या एका केंद्रावर फरक निघाला होता, तो सकाळच्या सरावाची मतं नीट काढून न टाकल्यामुळं.

हे आकडे दिलासा देणारे आहेत. देशभर मशीनं बिघडवलेली असती तर इतक्या सोडतींत कुठंतरी दिसलं असतं. पण एका मतदारसंघापुरतं बघा. आमच्यातल्या गणिताच्या एकीनं फुलांच्या टोपल्यांवर हिशोब करून दाखवला. एका विधानसभेत ३४० टोपल्या धरा, त्यातल्या १० सडलेल्या. डोळे मिटून पाच उघडल्या, तर सात वेळांपैकी सहा वेळा पाचही चांगल्याच निघतील. अंतर पन्नास हजारांचं असेल तर दहा टोपल्यांनी काही बिघडत नाही. अंतर १,४५७ असेल तर? नांदेडच्या लोकसभेत सहा विधानसभांच्या मिळून ३० पेट्या मोजायच्या, अंतर एक मताचं असो की एक लाखाचं.

अमेरिकेत काही राज्यं हे उलट करतात. अंतर जितकं कमी तितके जास्त कागद तपासायचे. जॉर्जियात २०२० ला राष्ट्राध्यक्षपदाचं अंतर बारा-तेरा हजारांच्या आसपास होतं, म्हणून सुमारे ५० लाख मतपत्रिका हातानं मोजल्या. आठवड्याच्या आत काम झालं. एका काउंटीत मोजायच्या राहिलेल्या अडीच हजारांवर मतपत्रिका सापडल्या, इतर ठिकाणीही थोड्याफार चुका निघाल्या, पण जिंकणारा तोच राहिला. हरलेल्या बाजूच्या सगळ्यांना ते पटलं नाही, हेही खरं. जर्मनीत तर २००९ ला तिथल्या घटना न्यायालयानं सांगितलं की मोजणीचे महत्त्वाचे टप्पे साध्या नागरिकाला, खास तांत्रिक ज्ञान नसताना, तपासता आले पाहिजेत. आपल्याकडं सगळ्या चिठ्ठ्या मोजा ही मागणी सर्वोच्च न्यायालयानं २६ एप्रिल २०२४ ला फेटाळली. दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला सात दिवसांत अर्ज करून पाच टक्के मशीनं तपासून घ्यायची सोय मात्र दिली. इथंही अर्ज उमेदवाराचाच.

त्यानंतर सहा आठवड्यांतच मुंबई उत्तर-पश्चिमचा निकाल लागला. ४ जून २०२४. मशीनच्या मतांत अमोल कीर्तिकर एका मतानं पुढं होते, साडेचार-साडेचार लाख मतं पडून. मग टपालाची मतं, म्हणजे कागद, हातानं मोजलेला. त्यात रवींद्र वायकर ४९ नं पुढं निघाले. शेवटचं अंतर ४८. बाद ठरवलेल्या १११ टपाली मतपत्रिका पुन्हा तपासल्या, निकाल तोच राहिला. पुढं उच्च न्यायालयानंही याचिका फेटाळली. नऊ लाखांवर मतांच्या त्या लढतीचा निकाल शेवटी पाकिटातून निघालेल्या तीनेक हजार कागदांवर ठरला.

आपल्या मराठवाड्यातही पूर्ण कागदाची निवडणूक अजून होते. पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघांत आम्ही काहीजणी जांभळ्या पेननं १, २, ३ लिहून मत देऊन आलो आहोत. २०२० ला पदवीधरच्या मोजणीत हजारो मतं बाद झाली. पदवीधरांची! कुणी बरोबरची खूण केली, कुणी सही. बाईंना हे सांगितलं तर त्या पोट धरून हसल्या. नगरपालिकेच्या निवडणुकीत मात्र काचेची ती पेटीच नसते. तिथं शंका आली तर मोजायला चिठ्ठीच नाही. आपल्या गल्लीतली नाली कोण बांधणार हे जिथं ठरतं, तिथंच कागद नाही, याचं आम्हाला नवल वाटतं.

शेवटी आम्ही आपल्या हातात काय आहे ते शोधलं. मतदानाच्या दिवशी सकाळी, मतदान सुरू व्हायच्या दीड तास आधी, प्रत्येक केंद्रावर सरावाची किमान ५० मतं टाकतात. त्यांच्या चिठ्ठ्या एजंटांसमोर हातानं मोजतात, मशीनशी ताडतात आणि काळ्या जाड पाकिटात बंद करतात. संध्याकाळी केंद्राध्यक्ष एकूण किती मतं पडली त्याचा सही केलेला कागद, सतरा-क, प्रत्येक एजंटला देतो. मोजणीच्या दिवशी मशीनचा आकडा त्या कागदाशी जुळायला हवा. म्हणजे प्रत्येक गावात, प्रत्येक केंद्रावर, हातानं मोजायचं एक काम अजून आहे आणि ते बघायला कुणीतरी बसलेलं असतं.

आपल्या केंद्रावर एजंट कोण होतं, असं आम्ही एकमेकींना विचारलं. नऊ जणींपैकी कुणालाच सांगता येईना. बाई मात्र एकही सापडली नाही एवढं नक्की. पुढच्या निवडणुकीला आमच्यातल्या दोघींनी एजंट म्हणून बसायचं ठरवलंय, एक या पक्षाकडून, एक त्या पक्षाकडून. दोघी शेजारणी आहेत. पहाटे पाचला निघावं लागणार. घरी तसं सांगून झालंय. जेवणाचा डबा एकच न्यायचा की दोन, यावर अजून वाद चालू आहे.